‘स्कॅटर’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न जत तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेतल्या बाईंचा आहे. सहावीच्या वर्गात ‘स्कॅटर’ हा शब्द आला तेव्हा त्यांनी फळ्यावर अर्थ लिहिला, ‘पसरणे, विखुरणे’. दुसऱ्या दिवशी एका मुलाच्या वहीत वाक्य आलं, ‘द न्यूज स्कॅटर्ड इन द व्हिलेज’. एका मुलीचं आलं, ‘मिल्क स्कॅटर्ड ऑन द फ्लोअर’. दोन्ही चूक आहेत हे बाईंना कळतं, पण का चूक ते मुलांना सांगता येत नाही. शिवाय इंग्रजी उताऱ्यात ‘स्कॅटर’ दिसला की मराठीत दर वेळी ‘विखुरणे’च लिहायचं का, असंही त्यांनी विचारलंय. मी सांगलीत बरीच वर्षं इंग्रजी शिकवतो आणि सोबत भाषांतराचं काम करतो. शेतीची पत्रकं, कोर्टाचे कागद, शाळेची पुस्तकं असं सगळं हातून जातं. त्या अनुभवावरून उत्तर देतो. जरा लांबेल.

बाई, तुमच्या मुलांनी डोकं चालवलंय, हे आधी सांगतो. तुम्ही ‘पसरणे’ दिलंत आणि मराठीत जिथे पसरणे चालतं तिथे त्यांनी ‘स्कॅटर’ बसवला. मराठीत बातमी पसरते, साथ पसरते, वास पसरतो, पाण्यावर तेल पसरतं, लग्नघरात सतरंज्या पसरतात. यांतल्या एकाही जागी ‘स्कॅटर’ चालत नाही. सगळीकडे ‘स्प्रेड’च लागतो. म्हणून पहिलं काम हे करा, की फळ्यावरच्या अर्थातून ‘पसरणे’ पुसून टाका. त्या एका शब्दाने निम्मा गोंधळ केलाय.

‘स्कॅटर’ होण्यासाठी मुळात सुटे नग लागतात. दाणे, कागद, खेळणी, पाकळ्या, काचा, मेंढ्या, माणसं, घरं. जे मोजता येतं, निदान ज्याचा एकेक कण वेगळा दिसतो, ते. दूध सलग असतं, त्याचे नग होत नाहीत, म्हणून ते ‘स्पिल’ होतं, आपण सांडलं म्हणतो तसं. बातमीचेही नग नसतात. ती एका घरातून दुसऱ्या घरात जाते तेव्हा पहिल्या घरातली कमी होत नाही, दोन्हीकडे पुरी असते. म्हणून ती ‘स्प्रेड’. एवढं सांगितलं तरी सहावीच्या मुलाला पटतं. पुढची अट म्हणजे ते नग वेगवेगळ्या दिशांना गेलेले हवेत, आणि जिथे पडले तिथे त्यांच्यात कसाही, कमीजास्त मोकळा भाग राहिलेला हवा. ओळीत मांडलेल्या खुर्च्या एकमेकींपासून लांब असल्या तरी त्या ‘स्कॅटर्ड’ होत नाहीत. सभा संपल्यावर कुठे एक, कुठे दोन अशा कशाही तोंडाने राहिलेल्या खुर्च्या मात्र होतात.

सुटेपणा, दिशांचा विस्कळीतपणा आणि मधली मोकळी जागा ही तिन्ही एकत्र आली की ‘स्कॅटर’. एखादी गोष्ट कमी पडली की दुसरा शब्द शोधायचा.

हे मी आमच्याकडे हळदीवर शिकवतो, कारण सांगलीच्या पोराला हळद लहानपणापासून माहीत असते. कंद शिजवले की हळकुंडं वाळायला खळ्यावर किंवा ताडपत्रीवर घालतात. त्याला आपण हळद पसरली म्हणतो आणि इंग्रजीतही ‘स्प्रेड’च म्हणतात. हळकुंडं सुटी आहेत, मोजता येतील अशी आहेत, तरी ‘स्कॅटर’ नाही, कारण माणसाने ती सारख्या थरात लावली आहेत. सगळीकडे ऊन लागावं हा हेतू आहे. आता दुपारी कोणाच्या शेळ्या ताडपत्रीवर घुसल्या आणि निम्मी हळकुंडं अंगणभर गेली. आपण म्हणू, शेळ्यांनी हळद विस्कटली. आता ‘स्कॅटर’ आला. हळद तीच आहे, अंगण तेच आहे, थर मोडला आणि क्रियापद बदललं. पुढे तीच हळद दळून घरात आली आणि पोह्यांवर चिमूटभर भुरभुरली, तर ‘स्प्रिंकल’. तासगावकडच्या मुलांना हेच बेदाण्यावर सांगता येईल. शेडमधल्या जाळीवर द्राक्षं पसरतात तेव्हा ‘स्प्रेड’. क्रेट कलंडून मणी रस्त्यावर गेले की ‘स्कॅटर’.

आता हीच हळद पालीला नेऊ. कराड तालुक्यात तारळी नदीच्या काठी पाल आहे. पौषातल्या यात्रेत तिथे खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं आणि भंडारा-खोबरं उधळलं जातं. सगळा परिसर पिवळा होतो. हे इंग्रजीत सांगायचं तर बहुतेक शब्दकोश ‘स्कॅटर’ सुचवतात आणि व्याकरणाला त्यात चूक काढता येत नाही. तरी मी तिथे ‘स्कॅटर’ वापरत नाही. ‘उधळणे’ या शब्दात हात वर जातो. भंडारा आधी आभाळाकडे जातो, मग सगळ्यांच्या अंगावर येतो. ‘स्कॅटर’ची नजर मात्र खाली, वस्तू कुठे पडल्या त्याच्याकडे असते. शिवाय ‘उधळणे’त आनंद आहे, हात न आखडता देणं आहे. म्हणून अशा जागी ‘थ्रू हँडफुल्स ऑफ टर्मरिक इन्टू द एअर’ असं लांबलचक लिहिलेलं मला चालतं. दोन शब्द जास्त गेले तरी यात्रा वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे राहते.

‘उधळणे’बद्दल आणखी थोडं सांगायला हवं, कारण मराठीतून इंग्रजीत जाताना सर्वांत जास्त चुका मी इथे पाहिल्या आहेत. शर्यतीत बैल उधळला, म्हणजे बुजून आवरेना असा पळाला. तिथे ‘बोल्ट’ हवा. वडिलोपार्जित पैसा उधळला, तिथे ‘स्क्वाँडर’. डाव उधळला, तिथे ‘फॉइल’. सभा उधळून लावली, तिथे ‘डिसरप्ट’ किंवा ‘ब्रेक अप’. एका हस्तलिखितात ‘दे स्कॅटर्ड द मीटिंग’ असं वाक्य माझ्यासमोर आलं होतं. इंग्रजी वाचणारा त्यावर थबकतो, कारण सभा हा नग नाही. सभेतली माणसं नग आहेत. ‘स्कॅटर’ वापरायचाच असेल तर माणसांना लावा, सभेला नको.

माणसं आणि जनावरं आली की मराठीत ‘पांगणे’ येतं. इथे तुम्ही ‘विखुरणे’ लिहिलंत तर अर्थ कळेल, पण वाक्य निर्जीव होईल. खटाव-माणकडच्या धनगराच्या मेंढ्या लांडग्याच्या वासाने बुजल्या आणि पांगल्या, असं आपण म्हणतो. मेंढ्या विखुरल्या असं कोणी म्हणणार नाही. ‘विखुरणे’ वस्तूंचं होतं. ‘पांगणे’ ज्यांना पाय आहेत त्यांचं. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे, म्हणून भाषांतर करणाऱ्याने पहिला प्रश्न हा विचारावा की ज्या गोष्टी इकडेतिकडे गेल्या त्या आपल्या आपण गेल्या की कोणी टाकल्या? आपण गेल्या तर पांगल्या, आणि फार घाबरून गेल्या तर दाणादाण उडाली. लढाईच्या वर्णनात ‘द एनिमी स्कॅटर्ड’ असेल तर ‘शत्रू विखुरला’पेक्षा ‘शत्रूची दाणादाण उडाली’ किंवा ‘शत्रूची पांगापांग झाली’ हे कितीतरी खरं वाटतं.

इथेच ‘डिस्पर्स’चा फरक सांगून ठेवतो. स्पर्धा परीक्षा देणारी मुलं तो हमखास विचारतात. ‘डिस्पर्स’ हा कायद्याचा, बातमीपत्राचा, विज्ञानाचा शब्द आहे. त्यात घाई किंवा घबराट असायलाच हवी असं नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १९७३ च्या कायद्यात कलम १२९ बेकायदा जमाव पांगवण्याबद्दल होतं, आणि तिथे शब्द ‘डिस्पर्स’ होता. कार्यक्रम संपला आणि लोक शांतपणे आपापल्या घरी गेले, तर तेही ‘डिस्पर्स’. मराठीत अशा वेळी ‘लोक पांगले’ म्हणतात, ‘गर्दी ओसरली’ही म्हणतात. ‘स्कॅटर’ मात्र एका क्षणात होतो. बार उडाला, कबुतरं उडाली. झाडांच्या बिया वाऱ्याने, पाण्याने, पाखरांच्या पोटातून लांब जातात त्यालाही विज्ञानात ‘डिस्पर्सल’ म्हणतात, बीजप्रसार.

आता तुमच्या जतचंच उदाहरण. तुमच्याकडे गाव एका ठिकाणी आणि बरीच घरं रानात, वस्तीवर. भूगोलाच्या पुस्तकात याला ‘विखुरलेली वस्ती’ म्हणतात. दाट, एकत्र असते ती केंद्रित वस्ती, रस्त्याच्या किंवा नदीच्या कडेने लांबट वाढते ती रेषाकृती. इथे ‘स्कॅटर्ड’ला ‘विखुरलेली’ हा चोख शब्द आहे, बदलू नका. पण मुलांच्या लक्षात एक गोष्ट आणून द्या. ही घरं कोणी एका जागेवरून उचलून फेकलेली नाहीत. ज्याचं रान आणि विहीर जिथे, त्याचं घर तिथे. म्हणजे ‘स्कॅटर्ड’ हे विशेषण झालं की मागची कृती गळून पडते आणि फक्त स्थिती उरते. लिहिलेल्या इंग्रजीत हा शब्द तुम्हाला बहुतेक वेळा असाच, विशेषण होऊन भेटेल. पाटण, जावळीच्या डोंगरातल्या वाड्यांनाही तो लागतो. भावाभावांच्या वाटण्यांत एकाच माणसाच्या जमिनीचे तुकडे चार शिवारांत जातात त्यांनाही लागतो. या शेतीच्या दुखण्यावर १९४७ साली मुंबई प्रांतात कायदा झाला. त्याला आपण तुकडेबंदी-तुकडेजोड कायदा म्हणतो. त्या विषयावरचे इंग्रजी कागद वाचले तर ‘स्कॅटर्ड’ आणि ‘फ्रॅगमेंटेड’ हे दोन शब्द वेगवेगळ्या अर्थाने येतात. ‘फ्रॅगमेंटेड’ म्हणजे तुकडे झालेली, ‘स्कॅटर्ड’ म्हणजे ते तुकडे एकमेकांपासून लांब असलेली. भाषांतरात दोन्हींना ‘विखुरलेली’ लिहिलं की अर्धी तक्रार पुसली जाते.

हवामानाच्या अंदाजात हा शब्द येतो तेव्हा जरा थांबा. तिथे त्याला ठरवलेला अर्थ आहे आणि त्यावर शेतकऱ्याचे निर्णय अवलंबून असतात. भारतीय हवामान विभाग एखाद्या भागातल्या किती टक्के केंद्रांवर पाऊस होईल त्यावरून शब्द वापरतो. २५ टक्क्यांपर्यंत ‘आयसोलेटेड’, २६ ते ५० टक्के ‘स्कॅटर्ड’, ५१ ते ७५ टक्के ‘फेअरली वाइडस्प्रेड’ आणि त्यापुढे ‘वाइडस्प्रेड’. मराठीत याच क्रमाने तुरळक ठिकाणी, काही ठिकाणी, बऱ्याच ठिकाणी, बहुतेक ठिकाणी असे शब्द चालतात. म्हणून ‘स्कॅटर्ड रेन’चं भाषांतर ‘विखुरलेला पाऊस’ किंवा ‘तुरळक पाऊस’ करू नये. ‘तुरळक’ ही जागा ‘आयसोलेटेड’ने आधीच घेतलेली आहे. ‘काही ठिकाणी पाऊस’ एवढंच लिहावं.

आणि हे शब्द पाऊस किती पडेल ते सांगत नाहीत, किती जागी पडेल तेवढंच सांगतात. सातारा जिल्ह्यात हा फरक फार मोलाचा आहे. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि त्याच जिल्ह्यात दहिवडी-म्हसवडकडे ५०० च्या आसपास. ‘काही ठिकाणी’ हे शब्द दोन्हीकडे लागू होतील, पण म्हसवडच्या शेतकऱ्याला त्या शब्दावरून पेरणी करायची की थांबायचं ते ठरवायचं असतं. पत्रक लिहिणाऱ्याने इथे भाषेची हौस करू नये.

शेतीवरूनच पुढे जातो, कारण या शब्दाचं रोजचं काम रानात आहे. हाताने बी फेकत चालायचं, त्याला आपल्याकडे फोकणे म्हणतात. मेथी, कोथिंबीर, वैरणीचा मका फोकतात. याला इंग्रजीत ‘स्कॅटर’ चालतो, पण शेतीचा नेमका शब्द ‘ब्रॉडकास्ट’ आहे. ‘ब्रॉड’ म्हणजे रुंद आणि ‘कास्ट’ म्हणजे फेकणं. हात रुंद फिरवून फेकणं हाच त्याचा मूळ अर्थ. नभोवाणीला तो १९२० च्या दशकात लागला. आपल्या मुलांना ‘ब्रॉडकास्ट’ म्हटलं की आधी आकाशवाणी सांगली आठवेल, आणि खताच्या पिशवीवर किंवा कृषी पत्रकात ‘ब्रॉडकास्ट’ वाचलं की ती बिचकतील. त्यांना फोकणं दाखवा, दोन्ही अर्थ एकदम कळतील. सोबत कुरीने, म्हणजे ओळीत बी सोडणाऱ्या अवजाराने, पेरणे म्हणजे ‘ड्रिल’ आणि टोकणे म्हणजे ‘डिबल’ हेही सांगा. तीन पद्धती, तीन क्रियापदं, आणि यांतली फक्त पहिली ‘स्कॅटर’च्या नात्यातली. ‘पेरणे’चं सरळ इंग्रजी ‘सो’ आहे, ते कोणत्याही पद्धतीला चालतं.

इथे आपल्या भागातला एक शब्द मुलांना चकवतो. ट्रॉलीने शेणखताचे ढीग रानात टाकले की नंतर माणसं लावून ते ‘विस्कटतात’. आमच्याकडे सगळे असंच बोलतात. वर मी हळद विस्कटली त्याला ‘स्कॅटर’ म्हटलं. मग शेणखत विस्कटलं त्यालाही ‘स्कॅटर’ का नाही? कारण हे विस्कटणं मुद्दाम, सारखा थर बसावा म्हणून आहे. इंग्रजी शेतकरी ‘स्प्रेड मॅन्युअर’च म्हणतो. मराठी शब्द एकच आहे, म्हणून शब्दावर जाऊ नका, रानात काय घडतंय त्यावर जा. विस्कटलेले केस हे आणखी तिसरंच. ते डोक्यावरच असतात, कुठे गेलेले नसतात, तिथे ‘डिशेवल्ड’ किंवा साधं ‘मेसी’. विस्कटलेली घडी असेल तर ‘अपसेट’. ‘विस्कटणे’त मोडलेली मांडणी मुख्य आहे, ‘स्कॅटर’मध्ये पडलेलं अंतर मुख्य आहे. कधी दोन्ही एकाच प्रसंगात असतात, कधी नसतात.

रानातलंच आणखी एक सांगतो, कारण ते मला फार आवडतं. ‘स्कॅटर’ला ‘शॅटर’ नावाचं भावंड आहे. इंग्रजीचे अभ्यासक हे दोन्ही शब्द बहुधा एकाच मुळाची दोन रूपं मानतात. ‘शॅटर’ म्हणजे ठिकऱ्या होणं. बांगडी आपटली, फुटली, तिथे ‘शॅटर’. काचा न्हाणीघरभर गेल्या, तिथे ‘स्कॅटर’. आणि सोयाबीन काढायला उशीर झाला की उन्हात शेंगा तडकतात आणि दाणे रानात पडतात, हे आपल्याकडच्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. त्या तडकण्याला शेतीच्या इंग्रजीत ‘शॅटरिंग’ असाच शब्द आहे. शेंग ‘शॅटर’ होते, दाणे ‘स्कॅटर’ होतात. सातारा-सांगलीच्या मुलांसाठी यापेक्षा चांगलं जोडवाक्य मला सापडलेलं नाही.

विज्ञानात हा शब्द वेगळा वागतो. तिथे सुटे नग, मोकळी जागा हे सगळं बाजूला राहतं आणि फक्त ‘दिशा बदलून चहूकडे जाणं’ उरतं. प्रकाश हवेतल्या कणांवर पडून सगळीकडे फेकला जातो त्याला आपल्या शाळेच्या पुस्तकात प्रकाशाचं विकिरण म्हणतात. हवेचे रेणू फार सूक्ष्म असल्यामुळे आखूड तरंगलांबीचा निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा खूप जास्त विकिरित होतो. ७०० आणि ४५० नॅनोमीटर धरले तर जवळजवळ सहापट. म्हणून आभाळ निळं दिसतं. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी जो शोध जाहीर केला आणि ज्याला १९३० चं नोबेल मिळालं, तो याच विकिरणाच्या एका प्रकाराचा. २८ फेब्रुवारीला शाळेत विज्ञान दिन करता ना, त्या दिवशी हा शब्द भिंतीवर लावता येईल. एक सावधगिरी मात्र हवी. हिंदी पुस्तकांत ‘विकिरण’ म्हणजे ‘रेडिएशन’, आणि ‘स्कॅटरिंग’ला ते ‘प्रकीर्णन’ म्हणतात. हिंदी गाइडवरून अभ्यास करणाऱ्या मुलांची इथे नेहमी गल्लत होते. पांढरा प्रकाश लोलकातून सात रंगांत फुटतो ते अपस्करण, म्हणजे ‘डिस्पर्शन’, तेही वेगळं.

उरलेले शेजारी भराभर सांगतो. ‘स्प्रिंकल’मध्ये वस्तू बारीक आणि थोडी असते, थेंब किंवा पूड, आणि कशावर तरी मुद्दाम टाकलेली असते. सडा शिंपणं, कोथिंबीर भुरभुरणं, तुषार सिंचनाचा ‘स्प्रिंकलर’. ‘स्ट्र्यू’ हा लेखी शब्द, बहुतेक ‘स्ट्र्यून विथ’ असाच येतो आणि त्यात जमीन झाकली गेल्याचा भाव असतो. प्राजक्ताचा सडा पडलाय, तिथे तो छान बसतो. ‘लिटर’ म्हणजे कचरा करणं. यात्रेनंतर पत्रावळ्या आणि प्लास्टिकचे पेले पडलेले असतात त्याला ‘लिटर्ड’ म्हणावं, कारण ‘स्कॅटर्ड’मध्ये तक्रारीचा सूर नाही.

अस्थींबद्दल स्वतंत्र लिहायला हवं. इंग्रजी मजकुरात ‘स्कॅटर द अ‍ॅशेस’ आलं की आपले लोक सरसकट ‘अस्थिविसर्जन’ लिहितात. संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर किंवा हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर जे होतं ते विसर्जनच, आणि त्याचं इंग्रजी ‘इमर्स’. अस्थी पाण्यात सोडल्या जातात. पण जवाहरलाल नेहरूंनी आपल्या १९५४ च्या मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की मूठभर रक्षा प्रयागला गंगेत सोडावी आणि बाकीची बहुतेक विमानातून, भारतातले शेतकरी जिथे राबतात त्या शेतांवर टाकावी, म्हणजे ती इथल्या मातीत मिसळून जाईल. तिथे त्यांनी ‘स्कॅटर’ हे क्रियापद वापरलं. त्याला ‘विसर्जन’ म्हणून चालणार नाही. पाणी नाही, विधी नाही. आणि मी तिथे ‘विखुरणे’ही न लिहिता ‘शेतांवर पसरून द्यावी’ असं लिहीन. सुरुवातीला फळ्यावरून पुसायला लावलेला शब्द इथे परत आणतोय, हे मला दिसतंय. पण रक्षा इतकी बारीक असते की तिचे नग डोळ्याला वेगळे दिसत नाहीत, आणि विखुरण्यातली बेफिकिरी त्या इच्छेत अजिबात नव्हती. इंग्रजीतून मराठीत येताना ‘पसरणे’ला बंदी नाही, मराठीतून इंग्रजीत जाताना त्याला आपोआप ‘स्कॅटर’ लावू नये, एवढंच.

आता व्याकरण. हे क्रियापद सकर्मक आणि अकर्मक दोन्ही आहे. मुलं पांगली, ‘द चिल्ड्रन स्कॅटर्ड’. तिने दाणे टाकले, ‘शी स्कॅटर्ड द ग्रेन’. मराठीत आपण पांगणे-पांगवणे अशी जोडी करतो, इंग्रजीत रूप बदलत नाही, म्हणून कर्म आहे की नाही ते बघूनच क्रियापद निवडायचं. सकर्मक वाक्य दोन तऱ्हांनी बांधता येतं. ‘स्कॅटर पेटल्स ऑन द फ्लोअर’ आणि ‘स्कॅटर द फ्लोअर विथ पेटल्स’. पहिल्यात लक्ष पाकळ्यांवर, दुसऱ्यात जमिनीवर. दुसऱ्या वाक्याचं मराठी करताना मुलं ‘जमीन पाकळ्यांनी विखुरली’ लिहितात. जमिनीवर पाकळ्या विखुरल्या, असंच लिहायचं, मराठीला दुसरी तऱ्हा नाही.

‘अ स्कॅटरिंग ऑफ’ असं नाम आलं तर त्याचा अर्थ ‘तुरळक, इथे एक तिथे एक’. ‘अ स्कॅटरिंग ऑफ हाउसेस’ म्हणजे चारदोन घरं. त्याच्या उच्चाराजवळचा ‘स्मॅटरिंग’ म्हणजे एखाद्या विषयाची जुजबी माहिती. हे दोन परीक्षेत मुद्दाम शेजारी ठेवतात. ‘स्कॅटरब्रेन’ म्हणजे वेंधळा.

स्पेलिंगमध्ये दोन गोष्टी बघा. मधले ‘टी’ दोन आहेत. भूतकाळात शेवटचा ‘आर’ मात्र एकच राहतो. ‘प्रिफर’चा भूतकाळ करताना ‘आर’ दोनदा येतो, म्हणून मुलं इथेही दोनदा लिहितात. ‘प्रिफर’मध्ये जोर दुसऱ्या अवयवावर आहे, ‘स्कॅटर’मध्ये पहिल्यावर. म्हणून इथे ‘आर’ वाढत नाही.

वर्गात कसं घ्यावं? मूठभर मटकी आणि एक सुपली घेऊन जा. मटकी सुपलीत हाताने सारखी करा आणि मुलांना क्रियापद विचारा. मग मूठ भरून फरशीवर टाका आणि परत विचारा. मग दोन दाणे चिमटीत घेऊन वहीवर सोडा. मग पेल्यातलं थोडं पाणी सांडा. चार कृतींना चार इंग्रजी क्रियापदं मुलं स्वतः शोधतील. त्यानंतर त्यांनाच मधल्या सुट्टीच्या घंटेला वर्गातून बाहेर सोडा आणि एकाला दारात उभं करून बघायला सांगा, ‘स्कॅटर’ झाले की ‘डिस्पर्स’. यावर वर्गात भांडण होईल, ते होऊ द्या. तुमच्या दोन मुलांच्या वह्यांवर लाल रेघ मारण्याऐवजी त्यांच्या वाक्यांतलं क्रियापद बदलून घ्या, ‘द न्यूज स्प्रेड’ आणि ‘मिल्क स्पिल्ड’. ‘स्प्रेड’चा भूतकाळही ‘स्प्रेड’च राहतो, तेही त्याच वेळी सांगून टाका, नाहीतर पुढच्या वहीत ‘स्प्रेडेड’ येईल.